‘हेदर’ म्हणून मिळणारी कुफिया: सोलापूरच्या गच्चीवर पैसे वसूल होतात का?

होटगी रोडला जा की विजापूर रोडला, नर्सरीत ‘हेदर आहे का?’ विचारलं की बहुतेक वेळा वीतभर उंचीचं, बारीक पानांचं, जांभळ्या फुलांनी ठिपकलेलं एक रोप पुढ्यात येतं. पाटीवर नाव ‘मेक्सिकन हेदर’ किंवा ‘फॉल्स हेदर’, माळ्याच्या तोंडी कुफिया. परदेशी बागांचे फोटो पाहून, बारा महिने रंगाचा गालिचा डोक्यात ठेवून आलेलं गिऱ्हाईक डझनभर रोपं उचलतं आणि पुढच्या मे महिन्यात कुंडीत काड्या उरतात. त्यात रोपाचा दोष कमी, जागेचा आणि पाण्याचा जास्त. हे परीक्षण त्या रोपाचं आहे, आणि ऑनलाइन मिळणाऱ्या ‘हेदर’च्या बियांच्या पाकिटांचंही, कारण खरी फसगत तिथे होते.

पाकिटांचं आधी, ते लवकर उरकतं: घेऊ नका. चित्रात एकाच कुंडीत जांभळा, गुलाबी, केशरी आणि कधी कधी चक्क निळा रंग असतो. हेदरला निळं फूल येतच नाही. युरोपच्या बाजारात निळ्या फुलांची हेदर दिसतात ती रंग फवारलेली. नावाजलेले प्रकार बियांपासून मूळ झाडासारखे निघत नाहीत, ते छाट कलमानेच वाढवतात. समजा बी खरं निघालं, तर ते धुळीसारखं बारीक असतं. उगवायला उजेड लागतो, म्हणून मातीखाली झाकलं की संपलं. शिवाय माध्यम आंबट, गार आणि सतत ओलसर हवं. डिसेंबर-जानेवारीत घरात हे सगळं कसंबसं जमवता येईल. पण रोप बोटभर व्हायच्या आत महाशिवरात्र उलटते, पारा पस्तिशी ओलांडतो आणि पाकिटाचे पैसे वाफ होतात.

खरं हेदर म्हणजे एक झाड नव्हे. ऑगस्टमध्ये स्कॉटलंडचे डोंगर जांभळे करते ती कॅलुना. तिच्या प्रजातीत (जीनस) एकच जात आहे आणि बागेतले शेकडो प्रकार त्याच एका जातीचे. दुसरी एरिका, जिला तिकडे ‘हीथ’ म्हणतात. तिच्या ८०० च्या वर जाती, बहुसंख्य दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातल्या. बागेत बारा महिने रंग दिसतो तो पाळी लावल्यामुळे: एरिका सिनेरिया उन्हाळ्यात, कॅलुना ऑगस्ट ते ऑक्टोबर, एरिका कार्निया डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत. मधल्या फटी पानं भरून काढतात. कॅलुनाच्या काही प्रकारांची सोनेरी पानं कडाक्याच्या थंडीत केशरी-लाल होतात. ही पाळीची कल्पना तेवढी तिकडून उचलण्यासारखी आहे, झाड नाही.

झाड का नाही? कॅलुनाला मातीचा सामू (पीएच, आंबटपणाचा आकडा; जितका कमी तितकी माती आंबट) ४.५ ते ५.५ च्या दरम्यान लागतो. आपली काळी माती सामू आठच्या आसपासची, कुदळ मारली की चुनखडीचे पांढरे खडे निघतात, आणि बोअरचं पाणी बादलीला पांढरा थर धरतं. ‘एरिका कार्नियाला चुना चालतो’ असं कुणीतरी सांगेल. खरंय, चालतो. पण ती आल्प्सच्या थंडीतली. चुना सोसेल, ४२ अंश सोसणार नाही. केपच्या एरिका गरम देशातल्या म्हणाव्यात, तर त्यातल्या बहुतेकांना पाऊस हिवाळ्यात हवा आणि माती रेताड, आंबट, निकस हवी. शेणखताचं प्रेम त्यांना मानवत नाही. त्यात हेदरची मुळं केसांसारखी बारीक आणि वरच्या थरातच. एकदा मुळांचा गोळा पूर्ण वाळला की पुन्हा सहजी ओला होत नाही. मेलेलं हेदर कितीतरी दिवस जिवंत दिसत राहतं, त्यामुळे माणूस मेलेल्या झाडाला इमानेइतबारे पाणी घालत बसतो. परदेशातून येणाऱ्या भाचीला ‘बॅगेतून दोन रोपं आण’ म्हणायचा बेत असेल तर तोही सोडा: २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार त्यासाठी आयात परवाना आणि त्या देशाचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं.

आता कुफिया. शास्त्रीय नाव कुफिया हिसोपिफोलिया, मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिका. हेदरशी नातं शून्य. ही मेंदीच्या कुळातली. धायटी त्याच कुळात, तामण त्याच कुळात, आणि पूर्वी वेगळ्या कुळात धरलेलं डाळिंबही आता तिथेच. म्हणजे ज्या झाडासाठी सोलापूरच्या केगावला राष्ट्रीय संशोधन केंद्र उभं आहे त्याची ही लांबची बहीण. फुलाच्या नळीला बुडाशी बारीकसं कुबड असतं, ग्रीक भाषेतल्या कुबडाच्या शब्दावरूनच हे नाव पडलं.

डाळिंबाशी नातं सांगायचं कारण वेगळं आहे. डाळिंबाचं पाणी तोडून ताण देतात, पानगळ करतात, मग बहार धरतात. हाच हात कुफियावर चालवला की ती मरते. कुफिया थांबून फुलत नाही, वाढता वाढता फुलते: नव्या फांदीवर, पानांच्या बगलेत, करंगळीच्या नखाएवढी सहा पाकळ्यांची फुलं. वाढ चालू तर फूल चालू. वाढ थांबली की फूल थांबलं. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून काढता येतं. सोलापुरात तिची वाढ थांबवणाऱ्या गोष्टी चार: चुना, मे महिना, तुंबलेलं पाणी आणि जून झालेलं लाकूड.

रोप निवडताना फुलं बघू नका, फुलं चांगल्या-वाईट दोन्ही रोपांना असतात. फांदी बाजूला सारून बुडाकडे बघा. बुडापासून पाच-सहा फुटवे आणि खालपर्यंत पानं असतील तर घ्या; एकच जाड खोड, खाली उघडी काडी आणि वर फुलांची टोपी असं रोप पिशवीत म्हातारं झालेलं असतं. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर स्वस्तातही नको. पिशवी दाबून बघा. इकडच्या नर्सऱ्यांत येणारा माल बराचसा उरुळी कांचनकडचा किंवा आंध्रातल्या कडियमचा. दगडासारखी घट्ट तांबडी माती असलेला गोळा हाती आला तर तो तसाच लावू नका: भुसभुशीत मिश्रणात हा गोळा आपला वेगळा संसार करतो, बाहेरची माती ओली आणि आतला गोळा कोरडा, किंवा उलट. अर्धा तास पाण्यात बुडवा, बोटांनी कडेची एक-तृतीयांश माती सोडवा, गोल फिरलेली मुळं कात्रीने मोकळी करा. छोट्या पिशवीतलं रोप साधारण ३० ते ५० रुपयांना पडतं. फुललेल्या कुंडीचे शंभराच्या पुढे मागतात, आणि ते देण्यात काही अर्थ नाही.

लावायची वेळ मृगाचा पाऊस पडल्यावर, किंवा सप्टेंबरचा जोर ओसरल्यावर ऑक्टोबरात. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत लावलं तरी जमतं. फेब्रुवारीनंतर मात्र पैसे खिशातच ठेवा.

कुंडीचं मिश्रण: लाल माती २ भाग, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत १ भाग, कोकोपीट १ भाग, जाड वाळू १ भाग, १० इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट आधी दोनदा भिजवून पिळून घ्या, त्यातलं मीठ मुळांना जाळतं. काळी माती नको, एक भागही नको. नवी सिमेंटची कुंडी असेल तर आठवडाभर पाण्याने भरून ठेवा आणि पाणी दोन-तीनदा बदला, कारण सिमेंटातला चुना पाझरत राहतो. अंड्याची टरफलं आणि चुलीची राख गुलाबवाल्यांना द्या. इथे ती विषासारखी. गच्चीच्या स्लॅबवर कुंडी थेट ठेवू नका, खाली दोन विटा सरकवा: पाणी निघून जातं आणि स्लॅबची धग कमी लागते.

जमिनीत कडेने ओळ लावायची असेल तर एक फूट खोल चर खणून काळी माती बाहेर काढा आणि वरचंच मिश्रण भरून वाफा जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच घ्या. सोलापुरात पाऊस एकूण कमी, पण त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात येतो. त्या आठवड्यात काळ्या मातीच्या खड्ड्यात पाणी साठून मुळं कुजतात, आणि लोक म्हणतात ‘पाऊस पडला आणि झाड गेलं, नवलच!’ दोन रोपांत २५ ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. १० फुटी ओळीला दहा-बारा रोपं पुरतात. दाट लावली तर पहिल्या वर्षी छान दिसतात आणि दुसऱ्या वर्षी मधून पोकळ होतात.

पाण्याबद्दल जास्त लिहावं लागेल, कारण सोलापुरात कुफिया उन्हापेक्षा पाण्याने जास्त बिघडते. पाणी किती, हा प्रश्न सोपा आहे: वरची एक इंच माती कोरडी झाली की द्या. हिवाळ्यात दिवसाआड, एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी १० इंची कुंडीला लिटर-दीड लिटर, खालून थेंब निघेपर्यंत. पाणी कुठलं, हा खरा प्रश्न. बोअरच्या पाण्यातले क्षार कुंडीत साठतात, काठावर पांढरी रेघ येते, सामू चढतो आणि मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. नळाचं पाणी बोअरपेक्षा बरं, पण पाळीने येतं म्हणून पिंपात साठवावं लागतं आणि घरच्या गरजेतून झाडांना उरेलच असं नाही. मग लोक दोन चुका करतात. एक, आरओ मशिनचं वाया जाणारं पाणी झाडांना घालतात. त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त दाट असतात. दोन, कूलरच्या टाकीतलं तळाचं पाणी ओततात; तेही तसंच, पाणी उडून गेलेलं आणि मीठ मागे राहिलेलं. उलट एसीच्या नळीतून टपकणारं पाणी जवळजवळ क्षाररहित असतं. ते बादलीत धरा, आठवड्यातून दोनदा तेच द्या. पावसाळ्यात पन्हाळीखाली पिंप ठेवलं तर ऑक्टोबरपर्यंतची सोय होते. बोअरशिवाय पर्याय नसेल तर महिन्यातून एकदा चांगल्या पाण्याने कुंडी धुऊन काढा: कुंडीच्या आकाराच्या दुप्पट पाणी हळूहळू ओतून खालून वाहू द्या.

तरीही पिवळेपणा येतो. आधी कुठली पानं पिवळी पडताहेत ते ओळखा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोहाची कमतरता. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होऊन गळत असतील आणि माती ओली असेल तर पाणी जास्त होतंय. तिथे लोह देऊन उपयोग नाही. लोहासाठी दुकानात ‘चिलेटेड आयर्न’ मागितलं की बहुधा ईडीटीए प्रकारचं पाकीट मिळतं. ते फवारणीला ठीक आहे, पण चुनखडीच्या मातीत ओतलं तर टिकत नाही. मातीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं मागा. महाग आहे, पण लागतं अगदी थोडं: १ ग्रॅम १ लिटर पाण्यात, १० इंची कुंडीला अर्धा लिटर, सहा आठवड्यांनी पुन्हा. डाळिंब-द्राक्षाची औषधं ठेवणाऱ्या कृषी सेवा केंद्रात मिळण्याची शक्यता जास्त. स्वस्तातला उपाय हिराकस (फेरस सल्फेट): २ ग्रॅम हिराकस आणि अर्धा ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) १ लिटर पाण्यात, संध्याकाळी पानांवर फवारणी, १० दिवसांच्या अंतराने तीनदा. द्रावण फिकट हिरवं असलं पाहिजे. तांबूस झालं तर फेकून द्या, त्यातलं लोह झाडाच्या कामाचं उरलेलं नसतं. फरशीवर सांडलं तर डाग जात नाही, ही तंबी घरातल्यांच्या वतीने.

खत बेताचं. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) लिटरला १ ग्रॅम, तीन आठवड्यांनी एकदा, जून ते फेब्रुवारी. डीएपीचे दाणे टाकू नका. जादा स्फुरद लोहाची वाट आणखी अडवतो.

जागा पूर्वेची. सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारी बारानंतर भिंतीची सावली मिळाली तर कुफिया सोलापुरातही जूनअखेरपासून मार्चपर्यंत सलग फुलते. पूर्ण सावलीत पानं हिरवीगार आणि फुलं मोजकी. पश्चिमेच्या कठड्यावर, जिथे लोकांना ती सगळ्यात जास्त हवी असते, तिथे ती टिकत नाही. ‘बारा महिने फुलं’ हे पाटीवरचं आश्वासन इथे नऊ-दहा महिन्यांचं धरा. एप्रिलच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत फूल मागू नका, जीव राखा: ५० टक्क्यांची शेडनेट, मातीवर दोन इंच उसाचं पाचट किंवा वाळलेली पानं, काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीभोवती गोणपाट. या दिवसांत खत बंद, कात्री बंद.

याच काळात लाल कोळी येतो. पानं राखट, बारीक ठिपक्यांची दिसतात, खाली नजर ताणून पाहिलं तर जाळी. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने, सलग चार दिवस. बहुतेकदा तेवढ्याने भागतं. गंधक हे कोळीवरचं नेहमीचं औषध, पण ३५ अंशांच्या वर पानं भाजतं, म्हणून मेमध्ये त्याला हात लावू नका. अगदी आवरेना तर निंबोळी तेल लिटरला ३ मिली, थोडा साबण घालून, सूर्य मावळल्यावर. पिठ्या ढेकूण दिसला तर फांदीच कापून टाका. एवढ्याशा झाडावर औषधाचे प्रयोग करण्यात हशील नाही.

छाटणीत मात्र खऱ्या हेदरचा नियम जसाच्या तसा लागू: पानं असलेल्या हिरव्या भागातच कात्री चालवायची, उघड्या लाकडात नाही. हेदर उघड्या लाकडातून फुटतच नाही. कुफिया पावसाळ्यात कधी कधी फुटते, उन्हाळ्यात काडी वाळत जाते. पाऊस स्थिरावला की वरचा एक-तृतीयांश भाग कापा, झुडूप गोल करा. दुसरी हलकी छाटणी संक्रांतीनंतर, फक्त शेंडे. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चचा एक चांगला बहर मिळतो. छाटणी चुकवली की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी झाड बुडाला काटकुळं आणि वर छत्रीसारखं होतं. मग ते दुरुस्त करत बसण्यापेक्षा त्याच्यापासून नवं करावं.

प्रकार निवडायचा तर जांभळी सगळ्यात दणकट. पांढरी सुरेख दिसते, पण वाळलेली फुलं तपकिरी होऊन नजरेत भरतात, त्यामुळे तिला हात जास्त लागतो. सोनेरी पानांची मिळाली तर मोह आवरा. तिची पानं सोलापूरच्या उन्हात कडेने करपतात. वास कुठल्याच रंगाला नाही आणि फुलदाणीत फांदी टिकत नाही, हेही आधीच माहीत असलेलं बरं. मधमाश्या आणि छोटी फुलपाखरं मात्र दिवसभर असतात.

आता ती फुलांची पाळी. एकट्या कुफियाने वर्ष भरत नाही, हेदरच्या बागेतही एकट्या कॅलुनाने भरत नाही. पश्चिमेच्या कठड्यावर कुफियाऐवजी रसेलिया लावा: सुईसारख्या लोंबत्या फांद्या, लाल नळीदार फुलं, उन्हाला दाद देत नाही. कुफियाच्या पुढच्या कडेला ऑफिस टाइम (पोर्तुलाका) टाका, ती मेच्या उन्हातच खुलते आणि कुफिया थकलेली असते तेव्हा रंग सांभाळते. दोन कुफियांच्या मध्ये रेन लिलीचे पाच-सात कंद पुरून ठेवा. पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात गुलाबी फुलं वर येतात आणि छाटलेली कुफिया पुन्हा फुटेपर्यंत रंग सांभाळतात. पानांच्या रंगासाठी गोल्डन दुरंता, छाटून बुटका ठेवलेला. कॅलुनाची पानं थंडीत रंग बदलतात तसं काही त्याच्याकडून होणार नाही, पण ऊन जितकं जास्त तितका पिवळा गडद, आणि उन्हाची आपल्याकडे कधी टंचाई नसते.

पैशांचं म्हणाल तर १० फुटी ओळीसाठी बारा रोपं एकदम घेऊ नका. जूनमध्ये चांगली तीन घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांच्या फूल नसलेल्या कोवळ्या शेंड्यांचे ६ ते ८ सेंटिमीटरचे तुकडे कापा, खालची अर्धी पानं काढा, निम्मं कोकोपीट आणि निम्मी वाळू ओली करून त्यात दोन सेंटिमीटर खोचा. वरून पारदर्शक पिशवी, जागा उजेडाची पण उन्हाची नाही, पिशवी दिवसातून एकदा दहा मिनिटं उघडी. साधारण तीन आठवड्यांत मुळं धरतात. हलकेच ओढल्यावर तुकडा हाताला विरोध करतो तेव्हा छोट्या पिशवीत हलवा. वीस लावले तर पाच-सहा जातील असं धरून चाला. उरलेली दिवाळीपर्यंत ओळीत लावण्याजोगी होतात, आणि ती इथल्याच पाण्यावर वाढलेली असल्याने विकतच्या रोपासारखी पहिल्या महिन्यात रुसत नाहीत. नवरात्रात दुसरी खेप लावून ठेवली तर मेमध्ये मेलेल्यांच्या जागी लावायला सावलीत चार-सहा पिशव्या तयार असतात. फक्त त्या पहिला पाऊस पडल्यावरच ओळीत हलवा.